वऱ्हाडी शब्दसंग्रहाच्या मेलिंग लिस्टचे बिऱ्हाड हलवायचे आहे: पैसे हवेत, जुने मेल त्याहून जास्त हवेत

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाच्या पुढाकाराने वऱ्हाडी बोलीतले शब्द गोळा करून हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामसाठी मुक्त शब्दफाइल तयार करण्याचे काम चालू आहे. लिब्रेऑफिस या मुक्त लेखन-सॉफ्टवेअरात शब्दाखाली लाल रेघ येते ती हनस्पेलमुळे. आपल्या ‘डवरणी’खाली ती येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. कामाची चर्चा ज्या मेलिंग लिस्टवर होते (एका पत्त्यावर पाठवलेला मेल सगळ्या सभासदांना पोचतो ती सोय), तिचा सर्व्हर मार्चअखेर बंद होणार आहे. जागा देणाऱ्यांनी इतकी वर्षे पैसा घेतला नाही, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. त्या सर्व्हरवर लिस्ट सांभाळणारे मेलमन २ हे सॉफ्टवेअर चालते, ते पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर उभे आहे आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आहे. असे सॉफ्टवेअर इंटरनेटवर उघडे ठेवणे धोक्याचेच.

“मंग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा ना भाऊ,” असे बैठकीत तिघाचौघांनी सुचवले. ग्रुप आहेच. पण ‘पऱ्हाटी’ची रूपे कशी चालवायची यावर तिथे झालेला वाद आज कोणी शोधून दाखवावा! नव्या माणसाला जुने बोलणे दिसत नाही आणि फोन बदलला की अनेकांचे तेही जाते. सर्व्हर वाचनालयातच ठेवा, ही दुसरी सूचना. वीज कधी जाईल याचा नेम नाही, मे महिन्यात त्या खोलीत माणूस बसत नाही, आणि घरगुती इंटरनेट जोडणीवरून आलेले मेल मोठ्या कंपन्या बहुतेक दारातूनच परत पाठवतात.

म्हणून भाड्याचा छोटा सर्व्हर, त्यावर मेलमन ३, आणि या वेळी पत्ता आपल्या स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या आपल्याच नावावर. पुढे सर्व्हर बदलला तरी पत्ता बदलणार नाही. ही अक्कल आधीच्या स्थलांतराने दिली. सुरुवातीची चर्चा याहू ग्रुप्सवर होती. ती सेवा १५ डिसेंबर २०२० रोजी बंद झाली, जुना मजकूर त्याआधीच पुसला गेला होता. शब्दांचे पहिले मोठे संकलन त्यातच होते.

तो मजकूर आता कुठे असेल तर तुमच्या मेलपेट्यांत. खरी मागणी ही आहे. लिस्टचे जुने मेल शोधा, त्यांना एक लेबल लावा आणि गुगल टेकआउटमधून (आपला मजकूर उतरवून घेण्याची गुगलची सोय) तेवढेच लेबल एमबॉक्स फाइल म्हणून, म्हणजे सगळे मेल एकाच फाइलीत, उतरवून द्या. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर तो फोल्डर पेनड्राइव्हवर आणा. कृपया फॉरवर्ड करू नका. फॉरवर्डमध्ये मूळ तारीख आणि मेलचा ओळखक्रमांक हरवतो, मग कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाला होते ते जुळत नाही. खाजगी मेल चुकूनही देऊ नका.

जुन्या मेलांत आणखी एक घोळ आहे. काही जण युनिकोडऐवजी कृतिदेवसारख्या फॉन्टात लिहीत, ते आज इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. युनिकोडमध्येही ‘वऱ्हाडी’तला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: कोणी ऱ ला हलन्त देऊन, कोणी साध्या र् पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. डोळ्याला दोन्ही एकच, पण शोध घेताना निम्मे मेल सापडत नाहीत. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्या मित्रांना हे फॉन्ट तोंडपाठ असतात. पत्रिकांची गर्दी नसेल तेव्हा रूपांतर तपासायला त्यांनी यावे, ही खास विनंती.

पत्ते हलवणे सोपे आहे, पोहोच अवघड. लिस्ट विषयात आपले नाव जोडते, खाली तळटीप लावते, त्यामुळे मूळ मेलची डीकेआयएम सही (मेल वाटेत बदलला नाही याची डिजिटल खूण) मोडते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्कचा कडक नियम (पाठवणाऱ्याची खूण जुळली नाही तर मेल नाकारा) लावला तेव्हा जगभरच्या लिस्टांची यामुळेच पंचाईत झाली होती. त्यावर तोड म्हणून नव्या लिस्टवर पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता दिसेल, गोंधळू नका. शिवाय नवा सर्व्हर जीमेलच्या ओळखीचा नाही. फेब्रुवारीत चाचणीचा मेल येईल. स्पॅममध्ये पडला असेल तर बाहेर काढा आणि ‘पोचला’ एवढे तरी उत्तर द्या. मेलमन ३ मध्ये खाते नव्याने उघडावे लागेल, जुना पासवर्ड चालणार नाही.

पैशाचे थोडक्यात. सर्व्हरचे भाडे, डोमेन आणि बॅकअप मिळून वर्षाला ९,००० रुपये. दोन वर्षांची सोय करायची, म्हणजे १८,००० रुपये. कापूस अजून घरात आहे, भावाची वाट पाहणे चालू आहे, हे आम्हाला कळते. पन्नास रुपयेही चालतील. वाचनालयात संध्याकाळी पावती मिळेल. आयकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हिशेब फलकावर लागेल.

लिनक्स आणि पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा सर्व्हर प्रोग्राम) हाताळलेली दोन माणसे मिळाली तर फारच बरे. पुण्या-नागपुरात नोकरीला असलेल्या गावच्या पोरापोरींनी हे वाचावे. काम घरबसल्या होते, रविवारी दोन तास दिले तरी पुरे. जुने मेल मात्र संक्रांतीपर्यंत पोचवा.

आपले,
कार्यकारी मंडळ, सार्वजनिक वाचनालय
ता. दर्यापूर, जि. अमरावती