दिवाळीला माझी वाट पाहू नका

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई "बरं बाई, जप" म्हणून फोन बाबांकडे देते, बाबा "पैसे आहेत ना?" विचारतात आणि बोलणं तिथंच संपतं. म्हणून निवांत लिहायला बसलेय. दादा शनिवारी येताना प्रिंट काढून आणेल. आई, तू चष्मा लावून वाचत बसू नकोस, बाबांकडून वाचून घे. डोळ्याला ताण नको.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र संपेपर्यंत जिवाला घोर नको. या दिवाळीला मी येत नाहीये. थिसिसचा विषय मिळालाय आणि मी हो म्हणून कळवलंय. तिकीट काढलेलं नव्हतं, त्यामुळे पैसे कुठे अडकले नाहीत.

समोर दोन विषय होते. एक नुसता संगणकावर करायचा. तो जानेवारीत सुरू केला असता तरी चाललं असतं, दिवाळीही घरी झाली असती. दुसरा डाऊनीवरचा, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगावरचा. बाबा, तोच आपला डाऊनी, जो पोंग्यात, कोवळ्या फुटीत, पाऊस लागला की दोन रात्रींत पानाखाली पांढरा दिसायला लागतो. इथे जर्मनीत फ्रायबुर्गला द्राक्षाच्या अशा जाती तयार केल्यात की त्यांच्यावर डाऊनी आणि भुरी फार जोर धरत नाही. १९७५ मध्ये काढलेली सोलारिस ही त्यातलीच. त्या जातींची आणि साध्या जातींची पानं आणायची, त्यांच्यावर रोग कसा पसरतो ते मोजायचं, हे माझं काम. पानं वेलीवर आहेत तोवरच ती मिळणार, आणि नोव्हेंबरात इथे सगळी पानगळ होऊन जाते. म्हणजे आत्ता आले तर अख्खं वर्ष गेलं.

हा विषय सोडून मला दुसरा घेता आला नाही. २०१४ च्या गारपिटीनंतर बाबा ओसरीवर बसलेले मला आठवतात, आणि त्यानंतरची ती तीन वर्षंही. गारपिटीवर माझ्याकडे औषध नाही. पण फवारणीचा खर्च निम्म्यावर आणता आला तर काय होईल, हे आपल्या घरात कुणाला समजावून सांगायला नको. या जाती उद्या मखमलाबादला लावता येतील असं मी म्हणत नाही. इथली द्राक्षं वाईनची, बियांची. आपली थॉमसन खायची. पण रोगाला दाद न देणारा गुण एका जातीतून दुसरीत कसा नेतात, ते शिकून यायचंय. खर्चही वाढत नाहीये. हे सत्र तसंही होतंच, त्याची १५०० युरो फी भरून झालीय. विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, माझं लायब्ररीतलं काम त्यातच बसतं. कर्जाच्या पैशाला हात लावलेला नाही.

आता माझ्या त्या फिरायला गेल्याच्या फोटोंचं. आई, तू एवढंच विचारलंस, "फिरायला गेली होतीस का गं?" तुझ्या विचारण्यात काही नव्हतं, मला माहितीय. पण घरी यायला जमत नाही आणि फिरायला जमतं, असं कुणाच्या मनात यायला नको, म्हणून सगळंच सांगते.

इथून ब्रायझाखपर्यंत गाडी, तिला माझा महिन्याचा पास चालतो. ब्रायझाखला ऱ्हाईन नदी लागते, पलीकडे फ्रान्स. पुढे बसनं कोलमार. पूर्वी तिथपर्यंत रेल्वेच जायची, पण नदीवरचा पूल १९४५ मध्ये युद्धात पडला तो रेल्वेसाठी पुन्हा बांधलाच नाही. सीमेवर कुणी अडवलं नाही. पासपोर्ट मात्र बाबांनी सांगितल्याप्रमाणे आतल्या खिशात होता. आमच्यासोबतची एक मुलगी त्याच भागातली, तिच्या मामांकडे आम्ही राहिलो. हॉटेलचा खर्च नाही, आणि घरातली माणसं सोबत होती, हे आईसाठी सांगतेय.

कोलमार गाव सुंदर आहे. लाकडी चौकटींची रंगीत घरं, मधून कालवा. अमेरिकेतला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा ज्यानं घडवला तो बार्थोल्डी इथलाच. पण मला ओढ होती पुढच्या गावाची. एगिसाईम तिथून सहा-सात किलोमीटर, आम्ही बागांमधून चालतच गेलो. काढणी चालू होती. बाबा, तुम्हाला तिथं घेऊन जायला हवं होतं! मंडप नाही, वेली कमरेच्या वर छातीइतक्या, तारांवर सरळ रेषेत, डोंगरउतारावर. घड मुठीएवढा, मणी इतका बारीक की आपण सोळा-अठरा एमएमसाठी जीव टाकतो ते त्यांना सांगितलं तर ते बघतच राहिले. गेवुर्झट्रामिनर नावाची जात आहे, फिकट गुलाबी साल, जाड. तोंडात टाकली की गुलाबपाण्यासारखा वास येतो आणि दाताखाली दोन-तीन बिया. मण्यांची विरळणी नाही, मणी फुगवायचं जीए संजीवक नाही. आणि छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. थंडीनं वेल आपोआप झोपते आणि वसंतात आपोआप उठते. आपल्याकडे तिला झोप नाही म्हणून एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, शिवाय वेलीचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट. मामांना हे ऐकून विश्वास बसेना. तुम्ही वेलीकडून वर्षात दोनदा काम करून घेता, म्हणजे तुमचं शिक्षण आमच्यापेक्षा मोठं आहे, असं ते म्हणाले. ते वाक्य तुमचं आहे म्हणून तुमच्यापर्यंत पोचवतेय.

गावात घरांच्या छपरांवर करकोच्यांची मोठमोठी घरटी आहेत. पक्षी आता नव्हते, ऑगस्टातच दक्षिणेला निघून जातात. नांदूरमध्यमेश्वरला मला खांद्यावर बसवून दुर्बीण माझ्या डोळ्याला धरून उभे राहायचात ना बाबा? मला त्यातून काहीच दिसायचं नाही, नुसतं धुकं. तरी मी "दिसला, दिसला" म्हणायचे, तुम्ही इतके खूश व्हायचात म्हणून.

जेवणाचं सांगते, नाहीतर आई तेच विचारेल. तिथे फ्लामेकुश नावाचा प्रकार करतात. कणीक मांड्याइतकी पातळ लाटायची, वर घट्ट साय, चिरलेला कांदा, आणि लाकडाच्या भट्टीत दोन-तीन मिनिटं. कडा जळून काळ्या होतात, मधे साय फुगफुगते. पूर्वी पाव भाजायच्या आधी भट्टी कितपत तापलीय ते बघायला हीच आधी टाकून पाहायचे. लाकडी पाटावरच आणून ठेवतात, हातानं गुंडाळून खायची. त्यावर डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, पण मामींना आधीच सांगितलं होतं, त्यांनी माझ्यासाठी कांदा आणि चीज घालून वेगळी केली, आणि तीच पहिली भट्टीत सरकवली. बाबांच्या गळ्यात माळ आहे हे इथेही माझ्या लक्षात असतं. वाईनच्या गावात जाऊन मी रसच प्यायले, घाण्यातून उतरलेला ताजा, गढूळ, इतका गोड की पाणी घालावं लागलं. सकाळी कुगलहोफ, मातीच्या साच्यात भाजलेला गोड पाव, आत बेदाणे आणि तळाला बदाम. साचे त्याच प्रांतातल्या एका गावचे कुंभार करतात. आईला एक साचा पाठवायचा विचार होता, पण वाटेत फुटेल. मी येताना हातातून आणेन.

रविवारी मामांनी गाडीनं एका डोंगरावर नेलं. आई, हे तुझ्यासाठी. मों सेंत ओदिल नावाचा डोंगर आहे, वर जुना मठ. ओदिल ही तिथल्या सरदाराची मुलगी, जन्मांध म्हणून बापानं टाकून दिलेली. बाप्तिस्म्याचं पाणी डोळ्यांना लागलं आणि तिला दिसायला लागलं, अशी तिथली श्रद्धा. पुढे तिनंच तो मठ उभा केला. आठव्या शतकात ती गेली, तिथेच तिची समाधी आहे, आणि अख्खा अल्सास प्रांत तिला आपली देवी मानतो. मठाखाली उतरून गेलं की कड्यातून एक झरा येतो. डोळ्यांचं दुखणं असलेली माणसं अजून तिथे येऊन पाणी डोळ्यांना लावतात. एक म्हातारी बाई होत्या, गुडघे तुझ्यासारखेच, मुलाचा हात धरून एकेक पायरी उतरत होत्या. खाली पोचल्यावर त्यांनी आधी मुलाच्या डोळ्यांना पाणी लावलं, मग स्वतःच्या.

मला वणीच्या पायऱ्या आठवल्या. तू मला कडेवर घेऊन चढायचीस, आजी मागून ओरडायची, "उतरव तिला, चालू दे," आणि तू उतरवायची नाहीस. मी तुझ्या नावानं मेणबत्ती लावली. परधर्माच्या ठिकाणी चालतं का, असं विचारू नकोस. डोळा बरा व्हावा एवढंच मागितलंय, सप्तशृंगी रागावणार नाही. पाणी मात्र बाटलीत भरून आणलं नाही, मुद्दामच. तू ते डोळ्याला लावशील, आणि डोळ्याला आता डॉक्टरांच्या थेंबांशिवाय काहीही लावायचं नाही.

आता त्या डोळ्याचं. ऑपरेशन मी येईपर्यंत थांबवायचं असं ठरलं होतं, हे मी विसरलेले नाही. म्हणूनच लिहितेय की थांबायचं नाही. मोतीबिंदू पिकू द्यावा ही जुनी गोष्ट झाली, आता तसं लागत नाही. थंडीतच करावं असंही काही नाही. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. दादा सुट्टी काढणार आहे, माझं त्याच्याशी बोलणं झालंय. मोठी मावशी पंचवटीहून आठ दिवस राहायला येईल, तिच्याशीही झालंय. मी नसले तरी तुझ्या उशाशी दोन माणसं असतील. मी असते तर मी नुसती रडले असते आणि तूच मला समजावत बसली असतीस.

फक्त साखर आटोक्यात हवी, नाहीतर डॉक्टर तारीखच देणार नाहीत. म्हणून आई, नवरात्राचे उपास या वर्षी उठता-बसताचे कर. साबुदाणा आणि बटाटा खाऊन गोळ्या घेणं म्हणजे गोळ्या फुकट. घट बसलाय, माळ रोज चढतेय, तेवढं देवीला पुरे. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी या आठवड्यातच करायची आणि रिपोर्टचा फोटो दादाला पाठवायला सांगायचा. ऑपरेशननंतर थेंब घड्याळ लावून घालायचे, हात धुऊन. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, चुलीच्या धुरापाशी बसायचं नाही, वाकून सडा-सारवण करायचं नाही. दिवाळीचा फराळ बाहेरून आणायचा. हो, चकलीसुद्धा. माझ्यासाठी भाजणी दळून ठेवू नकोस.

बाबा, तुमची सुटका नाही. छाटणी सुरू झाली असेल. पेस्ट लावताना रबरी हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचाच. मजुरांना घालायला लावता आणि स्वतः उघड्या हातानं लावता. ते हायड्रोजन सायनामाइड आहे, कातडीतून आत जातं. फवारणीला मास्क, आणि ब्लोअरवर तुम्ही बसायचं नाही, ड्रायव्हरला पैसे द्यायचे. तो खोकला धुळीचा नाही. छातीचा फोटो काढून घ्या, आईच्या तपासणीच्याच दिवशी, एकाच फेरीत होईल. बीपीची गोळी सकाळी चहाबरोबर, बागेतून आल्यावर नाही. मी हे हक्कानं सांगतेय, रागावू नका.

माझी काळजी करू नका. खोलीत हीटर आहे, रात्री बंद करावा लागतो इतका तापतो. विमा आहे, डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. रविवारी इथे दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच भाजी, दूध भरून ठेवते. रोज सकाळी पोळी-भाजी करून डबा नेते. आईनं दिलेली लसणाची चटणी अजून अर्धी बरणी आहे, पुरवून खातेय. तुरीची डाळ इथल्या दुकानात मिळते. थंडीचे बूट घेतले, चांगले घेतले. केस वाढलेत, वेणी मी स्वतः घालते. तू घालायचीस तशी घट्ट होत नाही, पण दिवसभर टिकते.

मार्चच्या शेवटी थिसिस देऊन मी निघेन. एप्रिलच्या खरड छाटणीला मी घरी असेन, हे नक्की समजा. भाऊबीजेला दादाला ओवाळायला वहिनीच्या ताईंना बोलवा. त्याच वेळी व्हिडिओ कॉल लावा, मी इकडून ओवाळेन.

तपासणीचा रिपोर्ट आला की डॉक्टरांकडून तारीख घेऊनच बाहेर पडा, "मुलीला विचारून सांगतो" म्हणून परत येऊ नका. तारीख कळली की लगेच कळवा. त्या दिवशी मी कामावरून सुट्टी घेईन आणि फोन हातात धरून बसेन. बाबा, आईला आत नेलं की मला फोन करायचा, बाहेर आणलं की दुसरा.

तुमची,
मनू