मुलाला झाडापाशी पाठवणारे पान हवे: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शिक्षणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

विषय: मुलांसाठी वनस्पती, निसर्ग आणि जीवशास्त्राचे ऑनलाइन साहित्य

मुलांना जीवशास्त्र ऑनलाइन शिकवायचे म्हटले की पहिला खर्च व्हिडिओंवर होतो. बी रुजतानाचा व्हिडिओ देखणा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा दिवसांचे काम त्यात वीस सेकंदांत उरकते आणि कुजलेले बी कधीच दिसत नाही. मुलाने घरी भिजवलेले बी मात्र कुजते, आणि ते का कुजले हे त्याला कोणी सांगत नाही. आमची मागणी थोडक्यात अशी: प्रत्येक ऑनलाइन पानाने मुलाला झाडापाशी पाठवावे आणि ते काही पाहून परतले की त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा जाणकार तिथे हजर असावा.

पान कसे असावे, हे बी रुजवण्याच्याच उदाहरणाने सांगतो. राजमा किंवा वाटाण्याच्या दहा बिया घ्यायला सांगा, एक नको. एकच बी रुजले नाही तर मूल म्हणते, ‘माझे चुकले.’ दहापैकी सात रुजल्या तर विचारते, ‘या तिघींचे काय झाले?’ विज्ञान दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते. बिया ८ ते १२ तास भिजवायच्या. काचेच्या पेल्यात आतून टिपकागदाचा दुहेरी थर लावायचा, तो काचेला टेकून राहावा म्हणून मध्ये चुरगळलेला कागद कोंबायचा आणि बिया काच व कागद यांच्यामध्ये सरकवायच्या. तळाशी जेमतेम १ सेंमी पाणी, बिया त्याच्या बऱ्याच वर. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो, कारण बी पाण्यात बुडवून ठेवलेले असते. रुजणारे बी जोरात श्वसन करते आणि पाण्यात त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून ते सडते. हे कारण पानावर ठळक लिहिलेले हवे आणि शेजारी सडलेल्या बीचा फोटोही हवा. बुरशी धरलेले बी लगेच काढायचे, नाहीतर ती शेजारच्या बियांवर पसरते. मूळ ३ सेंमी झाले की तळाचे पाणी ओतून टाकायचे, कागद ओलाच ठेवायचा आणि पेला आडवा करायचा. दुसऱ्या दिवशी मुळाचे टोक जमिनीकडे वळलेले दिसते. रोजचा फोटो एकाच जागेवरून आणि एकाच वेळी घ्यायचा. त्यासाठी टेबलावर चिकटपट्टीची खूण करून ठेवली की पुरते.

आता फोटोंबद्दल, कारण ऑनलाइन ओळख त्यावरच ठरते. ‘हे कोणते झाड?’ म्हणून मुले बहुधा दुरून काढलेला हिरवा गोळा पाठवतात, किंवा फक्त फुलाचा फोटो. त्यावरून जाणकारालाही खात्रीने सांगता येत नाही. किमान पाच फोटो लागतात: पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक ते दाखवणारा, आणि फूल बाजूने. फळ किंवा साल मिळाली तर उत्तम. शेजारी मोजपट्टी ठेवावी. साध्या फोनचा कॅमेरा साधारण ८ ते १० सेंमीपेक्षा जवळ नेला की चित्र धूसर होते. तेव्हा थोडे मागे सरून फोटो घ्यावा आणि नंतर कापावा. फोकस मागच्या गवतावर जात असेल तर फुलामागे तळहात धरावा. कडक उन्हापेक्षा सावलीत शिरा स्पष्ट येतात.

फोटोवरून प्रजाती सुचवणारी ॲप्स कामाची आहेत, पण त्यांच्या पहिल्या सूचनेला उत्तर समजणे ही सवय मोडायला हवी. रोपाची पाने आणि मोठ्या झाडाची पाने कित्येकदा निराळी असतात. गवते आणि नेचे यांत ॲप हमखास गोंधळते. ज्या प्रजातींचे फोटो त्याला शिकवताना भरपूर वापरले गेले, त्यांच्याकडेच त्याचा कल असतो. म्हणून मुलाला ‘प्रजाती माहीत नाही, पण कुल (जवळचे नाते असलेल्या वनस्पतींचा मोठा गट) हे’ असे लिहिण्याची मुभा द्या आणि त्याला पूर्ण गुणही द्या. सजीवांच्या फोटोंसह नोंदी करण्याच्या ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर एखादी नोंद संशोधनयोग्य ठरायला तारीख, ठिकाण, फोटो किंवा आवाजाचा पुरावा आणि ओळख पटवणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत लागते. जीव रानटी असावा लागतो, कुंडीतले झाड ‘लावलेले’ म्हणून नोंदवावे लागते. हे न सांगता अख्खा वर्ग शाळेच्या बागेत सोडला की एकाच झुडपाच्या तीस नोंदी होतात आणि फुकट वेळ देणारे जाणकार वैतागतात. त्यांचे वैतागणे रास्तच आहे. १३ वर्षांखालील मुलांसाठी खाते उघडायला लावण्यापेक्षा ‘आयनॅचरलिस्ट’च्याच मंडळींचे ‘सीक’ हे ॲप बरे. ते खाते न उघडता चालते.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. मुले घराच्या खिडकीतल्या आणि शाळेच्या आवारातल्याच झाडांचे फोटो काढतात. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. रुजणाऱ्या बीचे दहा दिवसांचे दहा फोटो म्हणजे त्या मुलाचा पत्ताच. तेव्हा फोटो चढवतानाच ही माहिती सर्व्हरवर आपोआप पुसली जावी आणि नकाशावर ठिकाण दोन दशांश स्थळांपर्यंतच दाखवावे, म्हणजे साधारण एक किलोमीटरचा अंदाज राहतो. अभ्यासाला तेवढे पुरते. मुलाचे आडनाव आणि चेहरा कुठेही नको. ही काळजी मुलावर किंवा शिक्षकावर सोपवू नका, ती यंत्रणेतच असली पाहिजे.

धोक्याच्या सूचना पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नकोत, कृतीच्या पहिल्या पायरीच्या आधी हव्यात. ॲपने ओळखलेले काहीही चाखायचे नाही, अळिंबी तर नाहीच. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. रुईसारखा पांढरा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. पानातला स्टार्च दाखवणाऱ्या आयोडीनच्या प्रयोगात पान अल्कोहोलमध्ये उकळावे लागते. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून तो गॅसवर थेट तापवणे कुठल्याही पानावर दिसता कामा नये. गॅस बंद करून गरम पाण्याच्या भांड्यात अल्कोहोल आणि पान असलेली परीक्षानळी ठेवायची, आणि तेही शिक्षकासमोर. घरी करायला पर्णरंध्रांचा, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांचा ठसा चांगला: पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर, १५ मिनिटे वाळवणे, वर पारदर्शक चिकटपट्टी दाबून सोलणे आणि काचपट्टीवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. थर जाड झाला तर ठसा सुरकुततो. लव असलेल्या पानाचा ठसा नीट येत नाही.

चुकीची माहिती दुरुस्त करण्याची सोयही हवी. ‘झाडे रात्री श्वसन करतात’ असे वाचून मुले समजतात की दिवसा ती करत नाहीत. प्रत्यक्षात श्वसन चोवीस तास चालते. ‘सूर्यफूल दिवसभर सूर्याकडे वळते’ हे कोवळ्या रोपापुरते खरे. पूर्ण उमललेले फूल बहुधा पूर्वेकडे तोंड करून थांबते आणि हे तर मूल होकायंत्र घेऊन स्वतः तपासू शकते. दुरुस्ती केली की पानावर तिची तारीख टाकावी.

आता मूळ मुद्दा, म्हणजे उत्तर देणारी माणसे. हजार शाळांतून आठवड्याला प्रत्येकी एक नोंद आली आणि एका नोंदीला चार मिनिटे धरली, तर सुमारे ६७ तास होतात. रोज दोन तास, आठवड्याचे पाच दिवस काम करणारी सात माणसे ते करू शकतात. वनस्पतिशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी यासाठी योग्य, मात्र मानधन देऊन. उत्तर तीन दिवसांत जावे. तोवर मुलाचे कुतूहल टिकते, पुढे ते दुसऱ्या गोष्टीकडे वळते. उत्तरात नुसते नाव नको. ‘पानाची खालची बाजू पाहिलीस का?’ असा एक प्रश्नही हवा, म्हणजे मूल पुन्हा झाडापाशी जाईल.

आणखी दोन छोट्या गोष्टी. पाच मिनिटांच्या बऱ्या दर्जाच्या व्हिडिओला ५० ते ७५ एमबी डेटा लागतो. तोच मजकूर सहा लहान केलेल्या फोटोंसह १ एमबीच्या आत बसतो आणि छापूनही देता येतो. दुसरे म्हणजे, नावे मुलांच्या बोलीतली हवीत, शास्त्रीय नाव सोबत. एकाच नावाची दोन झाडे असू शकतात, म्हणून दोन्ही लागतात.

पुढच्या आढाव्यात पान किती वेळा उघडले गेले याचा आकडा मागू नये. किती मुलांनी नोंद पाठवली, त्यांतल्या किती जणांना तीन दिवसांत उत्तर गेले आणि उत्तरानंतर किती जणांनी दुसरा फोटो पाठवला, हे तीन आकडे मागावेत.

आपले नम्र,
जीवशास्त्राचे शिक्षक व निसर्गनिरीक्षक