जादूलाही वायरिंग लागतं

मा. संपादक,

सेलूत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. परवा एका गिऱ्हाइकाची जळालेली पाणबुडी मोटार उघडून बसलो होतो. कोपऱ्यातल्या टीव्हीवर हॅरी पॉटरचा तिसरा सिनेमा हिंदीत लागला होता. शाळेतून आलेली पोरगी दप्तर न उतरवताच म्हणाली, "पप्पा, पुस्तकात तर बॅटरी होती!"

बरोबर होतं तिचं. ही पुस्तकं आम्ही दोघांनी मराठीतून वाचलीत. तिसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीला हॅरी रात्री पांघरुणात बॅटरी लावून चोरून अभ्यास करतो, कारण पोरांना शाळेबाहेर जादू करायची बंदी आहे. २००४ च्या सिनेमात तो तिथंच छडीनं उजेड पाडतो, विझवतो, पुन्हा पाडतो. थोड्याच वेळात मावसा त्याला दरडावतो, की तुला शाळेबाहेर जादू करता येत नाही! पुढं २००७ च्या पाचव्या सिनेमात तर मावसभावाला वाचवायला जादू केली म्हणून याच पोरावर खटला. मग पांघरुणातल्या जादूची नोटीस कुठं अडकली?

गिऱ्हाईक हसलं. "ओ मिस्त्री, जादूचा पिक्चर आहे, त्यात काय लॉजिक बघायलाव?"

हे वाक्य मी लई वेळा ऐकलंय, म्हणून हे पत्र. छडीतून उजेड पडतो हे मला मान्यच आहे. पण बंदी म्हटलं की बंदी. आई महालक्ष्मीची कहाणी सांगायची. त्यात राजाची आवडती राणी असली तरी तातू, म्हणजे व्रताचा दोरा, फेकला की तिला भोगावंच लागतं, आवडती म्हणून सूट नाही. एकदा आई तातूची गोष्टच विसरून पुढं गेली, तर आम्ही भावंडांनी तिला थांबवून मागं आणलं. तेव्हा आम्हाला कुणी लॉजिक शिकवलं नव्हतं.

पुस्तकाचा सिनेमा करताना कापाकापी होणारच, माझी तक्रार ती नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या २००१ च्या सिनेमात पीटर जॅक्सननं टॉम बॉम्बाडिल हे पात्र आख्खं उडवलं. पुस्तकात हॉबिटांना, म्हणजे गोष्टीतल्या बुटक्या नायकांना, तलवारी मिळतात त्या हा टॉम त्यांना थडग्यातून सोडवतो तेव्हा. सिनेमात त्यांचा सोबती ॲरागॉर्न त्या सरळ त्यांच्या हातात देतो. एवढासा प्रसंग, पण जोड पक्का, वरून टेप गुंडाळलेली. हॅरीच्या आरशाचं मात्र उलट. पाचव्या पुस्तकात त्याचा धर्मपिता सिरियस त्याला लांबून बोलता येणारा जादूचा आरसा देतो. पाचव्या सिनेमात ते देणंच कापलं आणि २०१० च्या सिनेमात आरशाचा तुकडा हॅरीच्या हातात हजर! वायर कापली, दिवा चालूच. पोरीनं विचारलं, "हा आला कुठून?" मी काय सांगू?

आपल्या पुरवणीत अशा सिनेमांवर लिहून येतं तेव्हा खर्च आणि ग्राफिक्स यांवरच रकाना भरतो. सिनेमानं स्वतःचेच नियम पाळले का, यावर दोन ओळी लिहायला सांगा की तुमच्या समीक्षकांना.

बाकी त्या गिऱ्हाइकानं जाताना मला तीनदा विचारलं, "पण मिस्त्री, मोटार जळाली कशानं?"

म्हटलं, जादूनं.

– एक मोटार मिस्त्री, सेलू, जि. परभणी