मावशी, फोनवर बोलू दिलं नाहीत म्हणून हे पत्र

आदरणीय मावशी,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही ‘बरं बरं, जेवलीस का?’ म्हणून विषय बदलता. थीसिसच्या आभाराच्या पानावरही तुम्ही नाव घालू दिलं नाहीत. ‘गाइडचं घाल, मी तुमच्या कॉलेजची कोण?’ म्हणालात. घातलं गाइडचं, नियमच आहे तसा. पण काम खरं कोणामुळे तडीस गेलं हे कुठेतरी लिहायला हवंच, म्हणून आता चारचौघांत लिहितेय. नाव मात्र इथेही घेत नाही, तेवढं तुमचं ऐकते.

वाचणाऱ्यांना थोडं सांगायला हवं. हंगेरीत डॉक्टरकीचं शिक्षण सहा वर्षांचं, आणि थीसिस लिहून समितीपुढे उभं राहिल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. आपल्याकडे थीसिस एमडी-एमएसला असतो, एमबीबीएसला नाही. त्यामुळे आमच्या घरी कुणाला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नात्यातल्या एका डॉक्टरांना जरा बघता का म्हणून विचारलं, तर भर पंगतीत म्हणाले, ‘परत येऊन एफएमजीईच द्यायचीय ना? त्या 300 प्रश्नांत तुझा थीसिस कुठे येणार?’ बाहेर शिकलेल्या आमच्यासारख्यांना भारतात डॉक्टरकी करायला ती परीक्षा द्यावी लागते, तेव्हा चुकीचं काहीच नाही त्यात. जिलबी वाढणाऱ्यालासुद्धा हसू आलं.

विषय होता खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांचा. दाखल झाल्यापासून ऑपरेशनला किती तास लागले, आणि ज्यांना उशीर झाला त्यांच्यात मृत्यू जास्त का? विभागाने एक्सेलची एक तयार शीट दिली होती, आधीच्या दोन विद्यार्थ्यांनी भरलेली. एकाने तारखा हंगेरियन रीतीने लिहिलेल्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. दुसऱ्याचा लॅपटॉप अमेरिकन वळणाचा, त्याने 4 मार्चचा 3 एप्रिल करून ठेवलेला. परिणाम असा की कित्येक आज्यांची ऑपरेशनं त्या घरात पाय घसरून पडायच्या आधीच उरकलेली! गाइडना मेल केली, तर दोन शब्दांत उत्तर आलं, ‘उडवून टाक.’ त्यानंतरच्या मेलला तेवढंही नाही. एका सीनियरने भारतातल्या कुणाचा तरी नंबर दिला. ‘मास्टर चार्ट (म्हणजे सगळ्या पेशंटांच्या माहितीचा तक्ता) पाठवा, चार दिवसांत रिझल्ट, डिस्कशनसकट,’ आणि खाली रेटकार्ड. विषय काय आहे हे त्या माणसाने शेवटपर्यंत विचारलं नाही.

अशा वेळी तुमच्या भाचीने तुमचा नंबर दिला. ‘मावशी सरकारी मेडिकल कॉलेजात पीएसएमला, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागात, स्टॅटिस्टिक्स शिकवायची, आता रिटायर आहे, विचारून बघ,’ एवढंच ती म्हणाली. नीटला किती मार्क होते, बाहेर का गेलीस, एकूण खर्च किती आला, ही नेहमीची प्रश्नपत्रिका मी उत्तरांसकट तयार ठेवली होती. तुम्ही विचारलंत, ‘उशीर कोणाला होतो गं?’

मला उत्तर देता येईना. मग तुम्ही मला सेमेलवाइस वाचायला लावलात, डॉक्टरांनी हात धुतले तर बाळंतिणी वाचतात हे दाखवणारा एकोणिसाव्या शतकातला हंगेरियन डॉक्टर. त्याच्या देशात राहून त्याचं हात धुणं आम्हाला पाठ झालेलं, पण त्याचे तक्ते मी कधी पाहिले नव्हते. व्हिएन्नातल्या पहिल्या प्रसूती विभागात 1846 साली 4010 बाळंतिणींपैकी 459 गेल्या, दुसऱ्यात 3754 पैकी 105. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. ‘आणि भरती कशी व्हायची?’ तुम्ही विचारलंत. दिवसाआड. आज या विभागात, उद्या त्या. म्हणजे कळा कोणत्या दिवशी सुरू झाल्या त्यावर वॉर्ड ठरायचा, बाईची तब्येत बघून नाही. म्हणून त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ होता. ‘आता सांग, तुझ्या वॉर्डात कोण ठरवतं?’

मग माझी ट्यूब पेटली. रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला, हृदय थकलेला, छातीत कफ भरलेला पेशंट थांबवून ठेवतात. धडधाकट आहे तो पुढे जातो. म्हणजे उशीर झाला म्हणून माणूस गेला, की मुळात खंगलेला होता म्हणून उशीर झाला? 2020 साली लॅन्सेटमध्ये आलेला तो मोठा अभ्यासही तुम्हीच पाठवलात. 17 देशांतले 2970 पेशंट, लवकर ऑपरेशन कुणाचं करायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, आणि तरी दोन गटांच्या मृत्यूंत म्हणावा असा फरक नाही. तो वाचल्यावर माझ्या शीटमधली ठळक पी व्हॅल्यू (फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असं सुचवणारा आकडा) बघून मला झालेला आनंद ओसरला, आणि ते बरंच झालं.

पण मावशी, मला लिहायचंय ते दुसरंच.

तारखांचा गोंधळ तुम्ही उडवू दिला नाहीत. ‘कोणती ओळ उडवलीस आणि का, हे लिहिता येत असेल तरच उडव. आधी कागद बघ.’ कागद बघायचे म्हणजे वॉर्डातलं काम आटोपल्यावर संध्याकाळी विभागाच्या कॉम्प्युटरवर बसून एकेकाची डिस्चार्ज समरी उघडायची, अर्धी हंगेरियन, रोगाचं निदान लॅटिनमध्ये. मला रडूच आलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘तू शोध, मी आहे फोनवर. मला उद्याच्या डब्याची मेथी निवडायचीच आहे.’ अट एकच. नाव, जन्मतारीख, टाज नंबर (हंगेरीतला आरोग्य विम्याचा नंबर), यातलं काहीही तुमच्या कानावर येता कामा नये. मी फक्त अनुक्रमांक बोलायचा.

आणि तुम्ही खरंच बसलात. इथे संध्याकाळचे पाच, तिकडे रात्रीचे साडेनऊ. कानात इअरफोन, समोर समऱ्या, आणि तुमच्याकडून फक्त देठ मोडल्याचे बारीक आवाज. मधूनच जुडी झटकल्याचा. मी ‘एकशे बारा, तारीख सापडली’ म्हणायचे, तुम्ही ‘हं’ म्हणायचात. ना सल्ला, ना ‘किती राहिलं?’. एकदा काकांनी मागून विचारलं, ‘एवढ्या रात्री कोण आहे?’ तुम्ही म्हणालात, ‘बार्शीची मुलगी आहे. तिचं काम चाललंय.’

काम! तोवर माझ्या थीसिसला घरचे ‘तो प्रोजेक्ट’ म्हणत, नात्यातले ‘फॉर्मॅलिटी’ म्हणत, आणि रेटकार्डवाल्याच्या लेखी ती ऑर्डर होती. तुम्ही काकांना काम म्हणून सांगितलंत, तेही मला ऐकवायला नाही, सहज. त्या संध्याकाळी मी उठले नाही. राहिलेल्या ओळी तपासूनच खोलीवर गेले.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. तारखा सुधारल्या, कोणत्या ओळी गाळल्या आणि का, ते परिशिष्टात दिलं. आधीचे आजार हिशेबात धरल्यावर उशिराचा परिणाम बराच आटला. ‘माझ्या आकड्यांवरून उशिराला दोष देता येत नाही,’ असं मी सरळ लिहिलं. समितीतल्या एका बाईंनी नेमकं ते परिशिष्ट उघडलं आणि बराच वेळ त्यावरच बोलल्या. गाइड शेजारी मान डोलवत होते, जणू ते पान त्यांनीच लिहून घेतलं होतं. असो.

आपल्या सरकारी कॉलेजांमध्ये तुमच्यासारखी किती माणसं असतील कोण जाणे. दुसऱ्यांचे मास्टर चार्ट निस्तरायचे, तक्त्याची बेरीज जुळेपर्यंत पोराला उठू द्यायचं नाही, आणि पोस्टरवर आपलं नाव नाही म्हणून कधी जेवणावर राग काढायचा नाही. भूलथापा देणाऱ्यांचे बोर्ड चौकाचौकात दिसतात. यांचा पत्ता भाचीकडून काढावा लागतो. माझ्या नशिबाने ती माझ्या शेजारच्या खोलीत राहत होती.

एक विचारायचं राहिलं. ती शीट आता माझ्या खालच्या वर्षातल्या एका केरळच्या मुलीकडे गेलीय. तिला पुढच्या वर्षांचे पेशंट त्यात घालायचेत. तारखा कशा भरायच्या ते पहिल्याच पानावर लिहून दिलंय, पण ‘उशीर कोणाला होतो’ हे तिला मी विचारलं तर ती वहीत उतरवून घेते आणि थँक यू म्हणते. तुमचा नंबर देऊ का? तिला मराठी येत नाही, हिंदी जेमतेम, आणि तुमचं हिंदी मी ऐकलेलं आहे. तेव्हा दोघी इंग्रजीतच बोला.

तुमच्या भाचीची मैत्रीण,
बार्शीची