ठिपका हलला नाही तर

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रोज एक मिस्ड कॉल तरी दे, असं बाबा परवा म्हणाले. पण मेक्सिकोचा किनारा मागे पडला की मोबाइल बंद, आणि शिडाच्या बोटीने आम्ही निघालोय ती दक्षिण पॅसिफिकमधली मार्केसास बेटं इथून सुमारे २,८०० सागरी मैल. वाऱ्याने साथ दिली तर तीन आठवडे, नाहीतर महिनाही लागेल.

बोटीवर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संच आहे. डोलकाठीला मागून ताणून धरणारी पोलादी तार हाच आमचा अँटेना. जीपीएसकडून लॅपटॉपला अक्षांश-रेखांश मिळतात, मोडेम चिडलेल्या रातकिड्यासारखा किरकिरतो आणि कॅलिफोर्नियातलं किंवा हवाईतलं एखाद्या हौशी माणसाचं स्टेशन ते पकडून इंटरनेटवर चढवतं. याला विनलिंक म्हणतात. सगळे स्वयंसेवक, पैसा कोणी घेत नाही. पाठवलेली लिंक उघडलीत की नकाशावर आमचा ठिपका दिसेल. शिवाय तुमच्या सकाळी साडेआठला पॅसिफिक सीफेअरर्स नेट, म्हणजे बोटवाल्यांची रेडिओवरची बैठक भरते. तिथे हजेरीत नाव पुकारलं की जागा, वारा आणि खुशाली सांगायची.

आई, आता हे तुझ्यासाठी. ठिपका म्हणजे त्या वेळी आम्ही तिथे होतो, एवढंच. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या वेळेसाठी साडेपाच तास मिळव. दोन दिवस नवा ठिपका आला नाही तरी देव पाण्यात घालू नकोस. आमच्या रेडिओलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परत फिरतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला की तेवढा वेळ सगळं ठप्प. कधी बॅटरी वाचवायला मीच सेट बंद ठेवीन. विषुववृत्ताच्या अलीकडे वारा पडतो, तिथे ठिपका रेंगाळेल, मागेही सरकेल. बाबा, कृपा करून वेगाची त्रैराशिकं मांडू नका! खऱ्या संकटासाठी ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक देणारं वेगळं यंत्र आहे. त्याच्या नोंदणीत दादाचा नंबर दिलाय.

मेलही याच वाटेने येईल. आधी मी पाठवीन, मग तुम्ही उत्तर द्या. चार ओळी पुरेत. फोटो आणि फॉरवर्ड नकोत, एवढ्याशा मजकुरालाही मिनिटं जातात. भाडेकरूच्या डिपॉझिटचं मात्र त्यात लिहू नका. हौशी रेडिओवर धंद्याव्यवहाराला मनाई आहे, आणि ही पत्रं दुसरे हॅमही वाचू शकतात. ते दादाशी बोला.

बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते पहिल्याच मेलमध्ये कळवा.

तुमची,
मनू