पिवळ्या पिशवीत न जाणारा कचरा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तयार होणारा धूर काढण्याची सोय करणेबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, गर्भपिशवी, आता खानदेशातही बरंच काही दुर्बिणीनं होतं. जळगाव-धुळ्याचं सोडाच, तालुक्याच्या गावचे पेशंटही स्वतःहून म्हणतात, "मोठी चीर नको, दुर्बिणीनंच करा." बरोबरच आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातली बाई महिनाभर खाटेवर पडून राहणं कुणाला परवडतं? मी याच भागातल्या एका रुग्णालयात ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. माझी तक्रार दुर्बिणीबद्दल नाही, धुराबद्दल आहे.

आपण ओटीत आत उभं राहून हे पाहिलं नसेल, म्हणून जरा सविस्तर सांगते. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, दाब साधारण पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटर इतका. मग पित्ताशय यकृतापासून सोडवताना कॉटरी (विजेनं जाळत कापणारं हत्यार) चालते आणि आत धूर होतो. पोट म्हणजे झाकण लावलेला डबा, धुराला बाहेर पडायला वाट नाही. पडद्यावर आधी पांढुरकं होतं, मग काहीच दिसेनासं होतं. नेमकी तिथेच पित्तनलिका असते, म्हणजे अंदाजानं हात चालवायची ती जागा नव्हे. "धूर सोडा," सर्जन म्हणतात. असिस्टंट पोर्टच्या (पोटात हत्यारं घालायच्या नळीच्या) बाजूची बारीक तोटी फिरवतो आणि दाबाखालचा गॅस फुस्सकन टेबलाभोवती वाकलेल्या आमच्या तोंडांवर येतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. नवीन लागलेली मावशी दारातूनच विचारते, "सिस्टर, काय जळी ऱ्हायनं?"

"मग सक्शन लावा ना," असं कुणीही म्हणेल. नेहमीचं सक्शन रक्त आणि पाणी ओढण्यासाठी असतं. ते पोटात जोरात चालवलं तर धुराबरोबर गॅसही जातो, पोट बसतं आणि काम थांबतं.

या धुरात सुमारे ९५ टक्के पाण्याची वाफच असते. उरलेल्या पाच टक्क्यांत बेंझिन, टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि जळलेल्या पेशींचे कण. कॉटरीच्या धुरातले कण सरासरी ०.०७ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि आमचा नेहमीचा हिरवा मास्क थुंकीचे थेंब अडवण्यापुरता. चामखिळीच्या विषाणूचे अंश या धुरात सापडलेले आहेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड पोटाच्या अस्तरातून पेशंटच्या रक्तातही उतरतो. एक ग्रॅम ऊतीचा कॉटरीचा धूर सहा सिगारेटींइतका, असं १९८१च्या एका जपानी अभ्यासावरून नेहमी सांगितलं जातं. मी त्यावर फार भर देणार नाही. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे आणि सगळा धूर एकट्याच्या छातीत जात नाही. या धुरानं कर्करोग होतोच, असंही सिद्ध झालेलं नाही. पण डोळे चुरचुरणं, घसा धरणं, डोकं दुखणं हे सिद्ध करायला आम्हाला अभ्यासाची गरज नाही. सर्जन केस संपली की बाहेर जातात. सिस्टर, टेक्निशियन आणि भूलतज्ज्ञ पुढच्या केसलाही तिथेच असतात.

गंमत बघा. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कापून काढलेलं पित्ताशय पिवळ्या पिशवीत जातं, पिशवीवर बारकोड लागतो, वजनाची नोंद होते. त्याच पित्ताशयाचा जो भाग जळून धूर होतो, त्याची नोंद कुठेच नाही. तो आमच्या नाकात जातो. त्यात लहान रुग्णालयांच्या ओटीत स्प्लिट एसी असतो आणि तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. मे महिन्यात पारा ४५च्या घरात गेल्यावर दार उघडं टाका म्हणायची सोय नाही. आठ तास एन-९५ लावून उभ्या राहा म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडते. शिवाय त्या मास्कनं कण अडतात, वायू नाहीत.

उपाय अवघड नाही. २०२० साली कोरोनाच्या भीतीनं जगभरच्या सर्जनांच्या संघटनांनी सांगितलं, पोटातला गॅस उघड्यावर सोडू नका, फिल्टरमधून सोडा. तेव्हा तोटीला नळी आणि नळीला व्हेंटिलेटरचा फिल्टर जोडून लोकांनी जुगाड केले. लाट ओसरली आणि नळ्याही गेल्या. धूर तर कोरोनाच्या आधीही होता! खरं तर धूर ओढणारं वेगळं यंत्र मिळतं. त्यात असे अतिबारीक कणही अडवणारा फिल्टर आणि वायूंसाठी कोळशाचा थर असतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड या राज्यानं २०१८ मध्ये रुग्णालयांना धूर काढायची सोय सक्तीची केली, पुढे इतर राज्यांनीही केली. ऱ्होड आयलंड आपल्या नंदुरबार जिल्ह्याहूनही लहान आहे.

एक खुलासा. शिबिरात दुर्बिणीनं नसबंदी करताना गर्भनलिकेवर रिंग चढवतात, तिथे जाळणं नसल्यानं धुराचा प्रश्नच येत नाही. तेव्हा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात यंत्र द्या, असं मी म्हणत नाही. जिथे कॉटरी चालते तिथे द्या.

यापुढे जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी दुर्बिणीचा संच घ्याल, तेव्हा निविदेतच धूर काढायचं यंत्र आणि वर्षभराचे फिल्टर लिहून घ्या. फिल्टर वेगळे मागवायला गेलं की यंत्र कोपऱ्यात जातं, हा सरकारी-खासगी दोन्हीकडचा अनुभव. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतात, हे ठाऊक आहे. त्या खात्याला एक पत्र आपणच लिहावं. खासगी रुग्णालयं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत घेताना ही सोय आहे का ते तपासा आणि पॅकेजच्या दरात फिल्टरचा खर्च धरा. योजनेच्या पेशंटकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत. दर वाढला नाही तर मालक फिल्टरच घेणार नाहीत आणि तोटी उघडीच राहील.

आपली,
खानदेशातील एक ओटी सिस्टर