जनरेटर मोठा नको, बेताचा घ्या आणि आधी पेट्रोलचं बघा

संपादक साहेब, नमस्कार

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढत न्यायचं फिरतं घर) घेऊन कॅम्पिंगला जाणाऱ्यांनी पोर्टेबल जनरेटर कसा निवडावा यावर लेख आला होता. लेख वाचायला छान आहे, फोटोही झकास, पण शंका असेल तर सरळ एक साइज मोठा घ्या हा जो त्यातला मुख्य सल्ला आहे तो काही पटला नाही, म्हणून हे पत्र. अख्ख्या लेखात वॉट वॉट आणि वॉट, पेट्रोलबद्दल मात्र जेमतेम दोन ओळी. खरं तर विजेची सोय नसलेल्या जागी चार दिवस राहायचं म्हटलं की रोज किती तास चालवणार आणि त्याला किती लिटर लागणार, यावरच सगळं ठरतं.

आधी वॉटचंच बघू. खोक्यावर जो मोठा आकडा असतो ना, तो बहुतेक वेळा स्टार्टिंग वॉटचा असतो, म्हणजे काही सेकंद झेपेल तेवढा. सतत मिळतो तो रनिंग वॉट आणि तो बारीक अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात. होंडाच्या ईयू2200आय चं उदाहरण घ्या, नावात 2200 आहे पण सतत मिळतात 1800. यात लबाडी काही नाही, कंपनी दोन्ही आकडे देते, पण आपण नेमका मोठा वाचतो.

आता ट्रेलरमध्ये एवढी वीज खातं कोण? छतावरचा एसी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवायचा हीटर किंवा केस सुकवायचा ड्रायर, बस. बाकी दिवे, पंखे, पाण्याचा पंप हे सगळं 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. 13500 बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या ताकदीचं माप) एसी चालू झाल्यावर साधारण 1300 ते 1600 वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या दुपटीच्या आसपास झटका मारतो, आणि त्या एका क्षणासाठी लोक दुप्पट वजनाचं धूड विकत घेतात. त्यापेक्षा एसीला सॉफ्ट स्टार्टर (कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारं छोटं यंत्र) बसवा, तो झटका बराच खाली येतो आणि बऱ्याचदा दोन हजार वॉटच्या क्लासमधला छोटा इन्व्हर्टर जनरेटरही एसी ओढतो (बाकी सगळं बंद ठेवून हां, वरून मायक्रोवेव्ह लावलात तर बसला तो). मायक्रोवेव्हचीही गंमत आहे, त्याच्यावर 1000 वॉट लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारे, जनरेटरकडून तो 1500 च्या आसपास घेतो. आणि खरंच जास्त पॉवर लागत असेल तर पॅरलल जोडता येणारे दोन छोटे घ्या. दोन्ही एकेकट्याने उचलता येतात, एरवी एकच चालवायचा, आणि एक रुसला तरी दुसरा असतो.

इन्व्हर्टर हा शब्द लेखात होता पण का घ्यायचा ते नव्हतं. साधा ओपन फ्रेमवाला जनरेटर लोड असो नसो एकाच स्पीडने पळतो, 60 हर्ट्झला 3600 आरपीएम आणि 50 हर्ट्झला 3000, कारण फ्रिक्वेन्सी थेट इंजिनाच्या फिरण्यावर ठरते. इन्व्हर्टरवाला आधी विजेचं डीसी, म्हणजे एका दिशेने वाहणारी वीज, करून मग त्यातून परत घरातल्यासारखी स्वच्छ एसी करंटची वीज बनवतो, त्यामुळे लोड कमी झाला की इंजिन हळू होतं, आवाज कमी, पेट्रोल कमी.

आणि आता माझा मुख्य मुद्दा. त्याच ईयू2200आय च्या टाकीत साधारण 3.6 लिटर मावतं, पाव लोडवर ते 8 तासांच्या थोडं वर पुरतं आणि पूर्ण 1800 वर 3.2 तास. गणित करून बघा, पाव लोडवर एका लिटरमागे साधारण 1 युनिट वीज मिळते आणि पूर्ण लोडवर दीडच्या वर, म्हणजे मशीन रिकामं फटफटत ठेवण्यात पेट्रोल फुकट जातं. मोठा जनरेटर घेतला की तो कायम पाव लोडच्या खालीच चालणार आणि नुसता मोबाईल चार्ज करायला लिटरच्या लिटर पिणार. म्हणून बेताचा घ्या आणि कामं एका वेळेला उरका, सकाळी तासदोन तास लावला की त्यातच बॅटरी चार्जिंग, त्यातच मायक्रोवेव्ह, पण दोन्ही मिळून रनिंग वॉटच्या आत बसतंय ना ते बघून. सकाळच का, तर लेड अ‍ॅसिड बॅटरी साधारण 80 टक्क्यांपर्यंत भराभर चार्ज होते आणि वरचे 20 टक्के रडत रडत, ते दिवसभरात सोलर पॅनलवर सोडायचं, त्यासाठी पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही. बॅटरी ट्रेलरच्या कन्व्हर्टरमधूनच (जनरेटरची वीज 12 व्होल्टची करून देणारा आतला चार्जर) चार्ज करा, जनरेटरवरचं 12 व्होल्टचं सॉकेट दिसतं सोयीचं पण बहुतेकांत ते जेमतेम 8 अँपचं असतं, त्यावर दिवस जाईल.

एका ठिकाणी मात्र लेखाची बाजू खरी आहे, भले त्यांनी ते कारण दिलं नसेल. उंचीवर हवा विरळ होते आणि दर 300 मीटरला इंजिनाची पॉवर साधारण 3 ते 4 टक्के घटते. 2000 मीटरवर गेलात की 1800 चे 1400 च्या आसपास उरतात, मग खाली मजेत चालणारा एसी वर गेल्यावर ओव्हरलोडचा लाल दिवा लावून बसतो. नेहमीच डोंगरात जाणाऱ्यांनी थोडा वाव ठेवावा.

पेट्रोलबद्दल जे लेखात नाही ते असं. एक, ताजं भरा आणि 10 टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉलवालं या छोट्या इंजिनांत घालू नका, बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये तीच मर्यादा असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि पेट्रोल नुसतं पडून राहिलं की त्याचा चिकट थर होतो, कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक एवढंसं असतं की तेवढ्यानेही ते बुजतं. लक्षण ओळखीचं आहे, दोरी ओढून ओढून हात दुखतात, मग सुरू होतो, चोक लावलेला असेपर्यंत चालतो आणि चोक काढला की मरतो, किंवा आवाज वरखाली वरखाली करत राहतो. लोक प्लग बदलतात, ऑइल बदलतात, नशिबाला दोष देतात, आणि असतं ते मागच्या सीझनचं पेट्रोल. ठेवून देताना टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरच्या खालचा स्क्रू सोडून वाटीतलं उरलेलंही काढा. टाकी भरलेलीच ठेवायची असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) घालून दहा मिनिटं चालवा म्हणजे तो कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल, नुसता टाकीत ओतून काही होत नाही.

दुसरं म्हणजे कॅन. पंपावर कॅन भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच भरा, गाडीच्या प्लास्टिकवर किंवा कार्पेटवर ठेवून भरला तर स्टॅटिकची ठिणगी पडू शकते. काठोकाठ भरू नका, उन्हात पेट्रोल फुगतं. आणि भरलेला कॅन ट्रेलरच्या आत ठेवून प्रवास करणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात, वाफ जमिनीलगत साचते आणि तिथेच फ्रीजची नाहीतर गीझरची ज्योत असते. जनरेटरमध्ये भरताना आधी तो बंद करून गार होऊ द्या, चालू इंजिनावर टॉर्च तोंडात धरून पेट्रोल ओतणारे महाभाग असतात. संध्याकाळी अंधार पडायच्या आत भरून घ्या, कटकट मिटली.

ही सगळी भानगड नको असेल तर पेट्रोल आणि प्रोपेन दोन्हीवर चालणारा ड्युअल फ्युएल बघा. ट्रेलरवर सिलिंडर असतोच, गॅस शिळा होत नाही, कार्ब्युरेटर चिकटत नाही. बदल्यात पॉवर साधारण 10 टक्के कमी मिळते, आणि कडाक्याच्या थंडीत जास्त गॅस ओढला की सिलिंडरवर बर्फ धरून गॅसचं प्रेशर कमी होतं. मला विचाराल तर कधीमधी जाणाऱ्यांनी प्रोपेनच घ्यावा.

धुराबद्दल लेखात हवा खेळती ठेवा एवढंच होतं, ते फार कमी आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. एकट्या अमेरिकेत पोर्टेबल जनरेटरच्या धुराने वर्षाला शंभरेक माणसं जातात असं तिथला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो. जनरेटर ट्रेलरपासून निदान 6 मीटर लांब, सायलेन्सरचं तोंड ट्रेलरच्या उलट दिशेला, पाऊस आला म्हणून ऑनिंगखाली (ट्रेलरच्या बाजूचं कापडी छप्पर) किंवा सामानाच्या कप्प्यात अजिबात नाही, आणि शेजारच्या तंबूकडेही तोंड नको. आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, त्याच्यावरची एक्सपायरी बघा, काही वर्षांनी त्याचा सेन्सर मरतो. नवीन जनरेटर घेताना धूर साचला की स्वतः बंद पडणारा घ्या. पण रात्री झोपताना बंदच करा, शेजारीही दुवा देतील.

आवाजाचा आकडा वाचताना तो किती अंतरावर आणि किती लोडवर मोजलाय ते बघा, जाहिरातीतला बहुधा 7 मीटरवर पाव लोडचा असतो, एसी लावल्यावर तो राहत नाही.

अजून एक, हे विकणारेही सांगत नाहीत. ट्रेलरला चांगला सर्ज प्रोटेक्टर (आत येणारी वीज तपासून बिघाड असला तर अडवणारं यंत्र) असेल तर बऱ्याच इन्व्हर्टर जनरेटरवर तो एरर दाखवून वीजच आत सोडत नाही, आणि लोक मशीन खराब म्हणून परत करायला निघतात. मशीन ठणठणीत असतं, फक्त त्यात न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले नसतात. त्यासाठी हे दोन्ही जोडून देणारा बॉन्डिंग प्लग मिळतो, तो जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावला की झालं. तो फक्त जनरेटरसाठी, बाहेरच्या लाइनला जोडताना काढून ठेवायचा.

पुढच्या वेळी मॉडेल्सचा तक्ता छापाल तेव्हा त्यात रनिंग वॉट, पाव लोड आणि पूर्ण लोडला किती तास, वजन आणि 7 मीटरवरचा आवाज एवढे रकाने नक्की टाका. स्टार्टिंग वॉट छापायचाच असेल तर तो शेवटच्या रकान्यात.

आपला,
एक वाचक